जुना थ्रीजॉ चक ट्रू कसा करायचा: ॲडजस्टेबल बॅकप्लेटची पायरीपायरीने कृती

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर नव्याने उभं राहिलेल्या प्रत्येकाला हा अनुभव लवकरच येतो. बुशचं (दांडा फिरण्यासाठी बसवायच्या नळीचं) आतलं भोक फिनिश करायचं, जॉब उलटा धरायचा, बाहेरून कट घ्यायचा, आणि मोजायला गेलं की एका बाजूची भिंत जाड, दुसरीकडची पातळ. माझ्याकडे दसऱ्याच्या आधी उसाच्या चरकाचे गनमेटलचे बुश आले होते. भिंतीत ०.१२ मिमीचा फरक पडला आणि आठच्या आठ बुश परत आले. गनमेटलचा भाव ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या दिवशी माझं काय झालं असेल ते कळेल.

मी आधी लेथला दोष दिला, मग टूलला, मग कर्ज काढून महागडा चक, म्हणजे जॉब धरून फिरवणारा पंजा, घ्यायचा विचार केला. शेवटी काम झालं ते बिडाच्या एका नव्या बॅकप्लेटने (चक ज्यावर बसतो ती तबकडी) आणि चार ग्रबस्क्रूंनी (बिनडोक्याचे स्क्रू). मधल्या काळात मी ज्या चुका केल्या, त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. आकडे माझ्या २०० मिमीच्या चकचे आहेत. तुमचा चक वेगळा असेल तर मोजून बदला.

आधी थोडं चकच्या पोटात डोकावू

थ्रीजॉ चकच्या आत एक गोल चकती असते, तिला स्क्रोल म्हणतात. तिच्या पुढच्या तोंडावर जिलेबीसारखा वेढा घेत जाणारा आटा असतो आणि मागच्या बाजूला बेव्हल दाते. चावी घालून आपण पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, फिरवतो, पिनियन स्क्रोलला फिरवतं आणि तिन्ही जॉ (जॉब धरणारे जबडे) एकदम आत किंवा बाहेर सरकतात. अमेरिकेतल्या सायमन फेअरमन (१७९२–१८५७) यांना या स्क्रोल चकचे जनक मानतात. त्यांचे जावई ऑस्टिन कुशमन यांनी तो पुढे सुधारला.

सोय मोठी आहे, पण तीन जॉ एकाच स्क्रोलला बांधलेले असल्यामुळे एकट्या जॉला हलवता येत नाही. नव्या साध्या चकलाही ०.०५ ते ०.०८ मिमीचा आऊट (जॉब मध्यावर नसल्याने फिरताना डायलवर दिसणारा फरक) सर्रास असतो. फोरजॉमध्ये प्रत्येक जॉचा स्क्रू वेगळा, म्हणून तो हवा तेवढा ट्रू, म्हणजे मध्यावर अचूक, करता येतो, पण प्रत्येक जॉबला वेळ जातो. ॲडजस्टेबल चक हा या दोघांमधला रस्ता आहे. जॉ स्क्रोलवरच चालतात आणि अख्खा चकच बॅकप्लेटवर केसभर इकडेतिकडे सरकवता येतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. जी चूक दर वेळी तेवढीच आणि त्याच बाजूला येते, ती ॲडजस्टमेंटने जाते. दर पकडीला बदलणारी चूक तिने जात नाही. मी हे समजून न घेता दोन दिवस स्क्रू फिरवत बसलो होतो.

काय काय लागेल

- ०.०१ मिमीपर्यंत मोजणारा डायल आणि मॅग्नेटिक स्टँड. लिव्हर डायल असेल तर उत्तम.
- २५ मिमीचा ग्राइंड केलेला सरळ बार, साधारण १५० मिमी लांब. हार्ड क्रोम रॉडचा तुकडाही चालतो. शिवाय जमतील तसे १२, ४० आणि ६० मिमीचे.
- बिडाचं कास्टिंग, एफजी २६० ग्रेडचं, २५० मिमी व्यासाचं आणि ४५ मिमी जाडीचं. वजन सुमारे १६ किलो भरतं.
- एम ८ × १ चे चार ग्रबस्क्रू, त्याचा टॅप सेट, ७ मिमीचं ड्रिल, ॲलन की.
- पितळेच्या छोट्या गोट्या किंवा चकत्या, ७ मिमीपेक्षा थोड्या कमी व्यासाच्या.
- चकच्या बोल्टसाठी जाड, कडक वॉशर.
- ऑइल स्टोन, ब्रश, डिझेल, स्वच्छ फडकं, नायलॉनचा हातोडा.
- बेडवर टाकायला लाकडी फळी. २०० मिमीचा चक १५ किलोच्या आसपास असतो. हातातून सुटला तर बेडला खाच पडते आणि बोटं मध्ये असली तर बोटं जातात.

कागदांपैकी एक साधं ड्रॉइंग हवंच. फाउंड्रीत तोंडी माप सांगू नका. कास्टिंगचं मशिनिंग बाहेर देणार असाल तर मालासोबत जॉबवर्कचं डिलिव्हरी चलन द्या.

१. दुखणं नेमकं कुठलं ते ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीची कामं हाताची आहेत, हे डोक्याचं आहे.

पहिल्यांदा चक उतरवून स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) आतल्या टेपरला डायल लावा आणि हाताने फिरवा. मग स्पिंडलखाली लाकडी दांडा घालून हलकेच उचलून बघा. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर चकवर खर्च करून काही उपयोग नाही, आधी बेअरिंग बघा.

आता चक बसवा, २५ मिमीचा बार धरा आणि चार चाचण्या घ्या.

पहिली: बार पाच वेळा सोडा आणि पाच वेळा धरा, बार दर वेळी त्याच कोनात ठेवून आणि चावी त्याच पिनियनला लावून. दर वेळचा आकडा आणि उंच बाजू कागदावर लिहा. पाचही वेळा ०.१० च्या आसपास आणि त्याच बाजूला येत असेल तर आनंद माना, ही चूक स्थिर आहे. एकदा ०.०३, एकदा ०.११ असं येत असेल तर आत घाण आहे किंवा जॉ खाचेत सैल झालेत. अशा चकला पायरी २ आणि ३ आधी हवी.

दुसरी: डायल जॉपासून १० मिमीवर लावा, मग १०० मिमीवर. उंच बाजू खडूने खूण करा. दोन्हीकडे आकडा सारखा आणि बाजूही तीच, म्हणजे बार फक्त बाजूला सरकलाय. हे आपल्या हातातलं आहे. आकडे वेगळे असतील, किंवा आकडा सारखा पण बाजू विरुद्ध असेल, तर बार तिरका धरला जातोय. इथे नवा माणूस हमखास फसतो, कारण आकडा सारखा दिसला की तो खुश होतो आणि खडूची खूण बघतच नाही.

तिसरी: १२, ४० आणि ६० मिमीचे बार धरून बघा. प्रत्येक व्यासाला आऊट वेगळा असेल तर स्क्रोल ठरावीक जागी झिजलेली आहे. जिथे रोजचं काम, तिथेच झीज. असा चक ॲडजस्ट होतो, पण एका व्यासाला जुळवलेला दुसऱ्या व्यासाला जुळत नाही. व्यास बदलला की पुन्हा जुळवावं लागेल.

चौथी: तोच बार तिन्ही पिनियनांवर आळीपाळीने घट्ट करून बघा. एखाद्या पिनियनवर आकडा कमी आणि स्थिर मिळतो. त्याच्या शेजारी पंच मारून खूण करा आणि यापुढे शेवटचा आवळा कायम तिथूनच द्या. माझ्या चकवर एवढ्याने ०.०२ मिमीचा फरक पडला, एक रुपया खर्च न करता.

आणि हेही तपासा की तुम्हाला खरंच गरज आहे का. भोक, बाहेरचा व्यास आणि फेस (समोरचं सपाट तोंड) एकाच पकडीत करून जॉब कापून काढत असाल तर चक कितीही आऊट असला तरी जॉब एककेंद्रीच येतो. अडचण येते ती जॉब उलटा धरताना. महिन्यातून एखादाच असा जॉब असेल तर फोरजॉ लावा आणि हा सगळा खटाटोप सोडून द्या.

२. चक उघडा आणि धुवा

जॉ काढा, मागचे स्क्रू काढा, स्क्रोल आणि पिनियन बाहेर घ्या. बीड टर्निंग करणाऱ्या शॉपमध्ये आत काळा चिकट लगदा सापडेल, बिडाची भुकटी आणि ग्रीस मिळून झालेला. हा लगदा म्हणजे स्क्रोलला लावलेली घासणारी पेस्टच. सगळं डिझेलने धुवा, दात्यांच्या कडेला बर (वर आलेली धार) आला असेल तर ऑइल स्टोनने हलकेच उतरवा. कानस लावू नका.

परत बसवताना जॉवरचा आणि खाचेवरचा नंबर जुळवा. तिन्ही जॉचे दाते एकमेकांपेक्षा एक तृतीयांश पिचने (दोन दात्यांमधल्या अंतराने) पुढेमागे असतात, त्यामुळे अदलाबदल चालत नाही. स्क्रोल फिरवत आट्याचं टोक १ नंबरच्या खाचेत दिसलं की मागे किंचित घेऊन १ नंबरचा जॉ सरकवा, मग २, मग ३. शेवटी तिन्ही जॉ मध्यभागी एकत्र भेटायला हवेत. एखादा मागे राहिला तर त्याचा दाता चुकलाय, काढून परत घाला.

तेल पातळ लावा. जाड ग्रीसमध्ये बिडाची भुकटी अडकते. पावसाळ्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की धुऊन तसाच ठेवलेला चक दोन दिवसांत तांबूस होतो. धुतल्या दिवशीच तेल लावून बसवा.

३. जॉची तोंडं

दुसऱ्या चाचणीत बार तिरका सापडला असेल तर बहुतेक वेळा जॉ पुढच्या टोकाला झिजून घंटेसारखे उघडलेले असतात. बार मागेच धरला जातो आणि पुढे डोलतो. बार जॉमध्ये धरून मागून बॅटरीचा उजेड टाका, पुढच्या टोकाला फट दिसेल.

यावर उपाय म्हणजे टूलच्या जागी बसणाऱ्या टूलपोस्ट ग्राइंडरने जॉ जागेवरच ग्राइंड करणे. त्या वेळी जॉ नेहमीच्या पकडीसारखेच आतल्या दिशेने दाबलेले हवेत. मोकळ्या जॉवर ग्राइंडिंग केलं तर पकडताना खेळ दुसऱ्या बाजूला जातो आणि मेहनत फुकट. त्यासाठी जॉच्या मधल्या फटींत बसणारी तीन कानांची प्लेट करून घ्यावी लागते, म्हणजे जॉ तिच्यावर आवळले जातात आणि धरायची तोंडं पूर्ण मोकळी राहतात. बेडवर ओलं फडकं घाला, कारण ग्राइंडिंगची धूळ बेडची वैरी आहे. पहिल्यांदा करत असाल तर अनुभवी मेस्त्रींना शेजारी उभं करा.

तुमचं काम एकाच मापाच्या पन्नास-शंभर नगांचं असेल तर मी सरळ सॉफ्ट जॉ (कडक न केलेले, कापता येणारे जॉ) सुचवीन. जॉब धरायच्या मापाला ते जागेवरच बोअर करायचे. त्या एका मापाला ते अचूक बसतात.

४. आधी सोपा उपाय करून बघा

मूळ बॅकप्लेटच्या पुढे एक उंचवटा असतो, त्याला रजिस्टर म्हणतात. तो चकच्या पाठीमागच्या खळग्यात टाइट बसतो आणि चक हलू देत नाही. हे रजिस्टर ०.३ मिमीने कमी करा, बोल्ट अर्धवट आवळा, बारला डायल लावा आणि उंच बाजूने नायलॉनच्या हातोड्याने टिचक्या मारा. बोल्ट आवळा, परत तपासा.

अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि बऱ्याच जणांचं यावरच भागतं. फक्त रजिस्टर एकदा कमी केलं की परत भरता येत नाही. जड आणि झटक्याच्या कटात चक सरकण्याची धास्ती राहते. मी चार महिने असाच चालवला. वारंवार व्यास बदलणाऱ्याला हातोड्याचा कंटाळा येतो, त्याने पुढे वाचावं.

५. बॅकप्लेटचं कास्टिंग

बाजारात मिळणाऱ्या ॲडजस्टेबल चकमध्ये स्क्रू चकच्या बॉडीत असतात आणि ते आतल्या रजिस्टरला दाबतात. आपण उलटं करायचं. जुन्या चकच्या बॉडीला भोकं पाडायची नाहीत. तिथे भिंत किती आहे ते कळत नाही आणि चिप्सना आत जायला नवी वाट मिळते. त्याऐवजी बॅकप्लेट चकपेक्षा मोठी घ्यायची, तिला कडेने ताटासारखा काठ ठेवायचा आणि काठातले चार स्क्रू चकला बाहेरून दाबतील असं करायचं.

फाउंड्रीत जाण्याआधी तीन मापं घ्या.

- चकच्या मागच्या कडेपासून चावीच्या भोकाच्या कडेपर्यंतचं अंतर. ते २० मिमीपेक्षा कमी असेल तर काठ चावीला आडवा येईल.
- बॅकप्लेट आणि हेडस्टॉक यांमधली जागा. बोल्ट मागून आवळायचे असतात, पाना फिरायला जागा हवी. मी हे मोजलं नव्हतं आणि शेवटी पाना कापून आखूड करावा लागला.
- कॅरेज (टूल पुढेमागे नेणारा भाग) चकजवळ पूर्ण आणल्यावर १२० मिमी त्रिज्येच्या आड काय येतं ते. सॅडलचा कोपरा लागू शकतो.

एका नगासाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचा नमुना) करून घेणं परवडत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या भागात इतक्या फाउंड्री आहेत की गोल फ्लँजचं जवळच्या मापाचं पॅटर्न कुठे ना कुठे मिळतं. थोडं मोठं मिळालं तरी घ्या, मशिनिंगला दर बाजूला ३-४ मिमी हवेतच. ग्रेड विचारून घ्या आणि पोकळी असलेला नग सरळ परत करा. फिरणाऱ्या काठात ब्लो होल म्हणजे जिवाशी गाठ.

६. बॅकप्लेटचं मशिनिंग

नियम एकच आहे आणि तो मोडू नका: शेवटचा कट त्याच लेथच्या त्याच स्पिंडलवर घ्यायचा, जिथे ही प्लेट कायम राहणार आहे. मागची बाजू, म्हणजे स्पिंडलचे आटे किंवा फ्लँजची बैठक, बाहेरून करून घेतलीत तरी चालेल. पुढची बाजू तुमच्याच मशीनवर.

पहिला कट कास्टिंगच्या कातडीच्या खाली जाईल एवढा खोल घ्या. वरवर घासलात तर कडक कातडी टूल खाते. रफिंग करून प्लेट चार-आठ दिवस बाजूला ठेवा आणि मग फिनिश करा, कातडी निघाल्यावर बीड थोडं हलतं.

माझी मापं अशी आहेत. बाहेरचा व्यास २४० मिमी. काठाचा आतला व्यास २०२, म्हणजे २०० च्या चकभोवती १ मिमीची फट. काठाची उंची बैठकीपासून (जिथे चकची पाठ टेकते तिथून) १६ मिमी. मधलं रजिस्टर चकच्या खळग्यापेक्षा व्यासात १ मिमी कमी, आणि उंचीत खळग्याच्या खोलीपेक्षा अर्धा मिमी कमी. हे शेवटचं विसरू नका. रजिस्टर आधी टेकलं तर चक बैठकीवर बसतच नाही, डोलतो. बैठकीला डायल लावून फेस ०.०१ मिमीच्या आत आहे ना ते बघा. इथला तिरकेपणा कुठल्याही स्क्रूने निघणार नाही.

एम १० बोल्टांची भोकं १२ मिमीची पाडा, म्हणजे दर बाजूला १ मिमी मोकळीक मिळते. भोक मोठं झालं म्हणून वॉशर जाड.

काठात चार भोकं, ९० अंशांवर, बैठकीपासून ८ मिमी वर. कोनात एखादा अंश इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. ७ मिमीचं ड्रिल, मग एम ८ × १ चा टॅप. बारीक पिच मुद्दाम घेतला आहे: एका पूर्ण वळशाला चक १ मिमी सरकतो, म्हणजे ०.०५ मिमीसाठी १८ अंश पुरतात आणि हाताला अंदाज येतो. स्क्रूच्या आधी भोकात पितळेची गोटी टाका म्हणजे चकवर वण पडत नाहीत. ग्रबस्क्रूचं बाहेरचं टोक काठाच्या आतच राहिलं पाहिजे. बाहेर आलेला स्क्रू बाही पकडतो. स्क्रूंना १ ते ४ नंबर घाला.

७. जुळवणी

बैठक आणि चकची पाठ पुसा, मग तळहाताने पुसा. फडक्याला न सापडलेली चिप तळहाताला सापडते. चक बसवा, बोल्ट हाताने टेकवा आणि पान्याने किंचित आवळा. चक सरकला पाहिजे, पण लोंबता कामा नये.

बार धरा, खूण केलेल्या पिनियनवरून आवळा, डायल जॉजवळ लावा. स्क्रू १ डायलसमोर आणा, आकडा वाचा. मग स्क्रू ३ समोर आणा. समजा १ कडे ०.१२ जास्त आलं. चक १ च्या बाजूला सरकलेला आहे. आधी ३ सैल करा, मग १ आवळा. किती? आकड्याच्या निम्मं, ०.०६. डायल दाखवतो तो फरक खऱ्या सरकण्याच्या दुप्पट असतो. पूर्ण ०.१२ ढकललंत की तेवढीच चूक पलीकडच्या बाजूला जाते. नवीन माणूस इथेच तासभर इकडून तिकडे करत राहतो.

१-३ जुळलं की २-४ घ्या, मग परत १-३. समोरासमोरचे दोन स्क्रू एकाच वेळी जोराने आवळू नका, काठ ताणला जातो.

आकडा ०.०१ च्या आत आला की बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा आणि दर फेरीला डायल बघा. आवळताना चक हमखास ०.०१-०.०२ हलतो. पूर्ण आवळल्यावर चारही स्क्रू फक्त टेकतील एवढे लावा. कटाचा भार बोल्टांनी घ्यायचा असतो, स्क्रूंनी नाही.

चावी काढली का ते बघा. पहिल्यांदा हाताने एक वळसा फिरवा, मग सगळ्यात कमी वेगावर चालवा आणि बाजूला उभे राहा. बीड मोठ्या व्यासावर फिरतंय, म्हणून चकवर लिहिलेल्या कमाल वेगाच्या जवळ जाऊ नका. स्पिंडलला आट्यांची बैठक असेल तर उलट फिरवून कट घेऊ नका, अख्खा चक सुटून येतो.

८. रोजच्या वापरात

माझा चक आता २५ मिमीला जुळवल्यावर ०.०१ च्या आत बसतो आणि पुन्हा पुन्हा धरला तरी ०.०२-०.०३ च्या पुढे जात नाही. व्यास बदलला की पाच-सात मिनिटं जुळवणीला जातात. हेडस्टॉकवर कागद चिकटवला आहे. त्यावर तारीख, कोणत्या व्यासाला जुळवलं, कोणतं पिनियन आणि आऊट किती, एवढंच. दुसऱ्या पाळीच्या पोराला काही विचारावं लागत नाही.

काळे बार, वेल्डिंग केलेले तुकडे, रफ कास्टिंग या चकला लावू नका. त्यांना जुना फोरजॉ आहे. टूल अडकून जॉब थांबला, किंवा चकला जोराचा दणका बसला, तर पुढचा नग धरण्याआधी बार लावून डायल फिरवा. आकडा बदललेला दिसला तर आधी बोल्ट तपासा, स्क्रूंना नंतर हात लावा.